सतरा नंबरचं एक मिनिट

मार्तंडकाका निगुडकरांशी माझी ओळख भांडणानं झाली. २००९च्या डिसेंबरात धारजवळ मोटारींची रॅली होती आणि आमच्या देवासच्या कारखान्यातून दहा-बारा जणांना मदतनीस म्हणून पाठवलं होतं. मी क्वालिटी विभागात होते, अजूनही आहे. एक उंच, वाळकासा माणूस टेबलाशी बसला होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "किती वाजले?"

"साधारण दहा," मी म्हटलं.

"साधारण दहा म्हणजे काय? नऊ अठ्ठावन्न की दहा तीन? तेवढ्यात इथून पाच गाड्या निघून जातात, बाई."

मला राग आला. मला राग पटकन येतो, आणि बाई म्हटलं की आणखी येतो. मी म्हटलं, "मी मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजते रोज. मला मोजणं शिकवू नका."

त्यांनी तेव्हा मान वर केली. "अस्सं? मग वेळेनं तुझं काय घोडं मारलंय?"

आमच्या कारखान्यातली बाकीची मंडळी संध्याकाळी बिर्याणी खाऊन परत गेली आणि पुन्हा कधी फिरकली नाहीत. मी मात्र पुढची चौदा वर्षं त्या माणसाच्या शेजारी टेबलाला टेबल लावून बसले.

काकांचे पणजोबा धार संस्थानात कारकून होते, आजोबा मामलेदार. काकांपर्यंत येईतो त्यातलं काही उरलं नव्हतं, फक्त खालच्या आवाजात बोलायची सवय आणि एक सुंदर हस्ताक्षर. ते सरकारी शाळेत गणित शिकवायचे. अठ्ठ्याऐंशी साली एक रॅली धारवरून जाणार होती आणि वेळ घेणारा माणूस ऐन वेळी आला नाही. आयोजकांपैकी कुणीतरी रस्त्यावर ओरडलं, "अरे, किसी की घड़ी सही है क्या?" शाळेच्या फाटकात काका उभे होते. ते रोज सकाळी बातम्यांच्या आधीच्या रेडिओच्या पिप्-पिप्वर घड्याळ लावत. त्यांनी हात वर केला, तो पस्तीस वर्षं वरच राहिला. ह्या माणसाला चारचाकी चालवता येत नव्हती. जन्मभर सायकल. कुठली गाडी किती ताकदीची हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यांनी ते कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. रॅलीत प्रत्येक गाडीला आमच्या टेबलाशी यायचं एक ठरलेलं मिनिट असतं. उशिरा आलात तर मिनिटामागे दहा सेकंद दंड. लवकर आलात तर मिनिटामागे अख्खं मिनिट दंड. त्यामुळे गाड्या पिवळ्या पाटीच्या अलीकडे थांबून आपल्या मिनिटाची वाट बघतात. मग ड्रायव्हरशेजारी बसणारा साथीदार कार्ड पुढे करतो, आणि टेबलाच्या प्रमुखाचं घड्याळ जे सांगतं ते आम्ही त्यावर लिहितो. तिथून पुढे गाडी शर्यतीच्या रस्त्याला लागते. सुटताना काका काचेसमोर पंजा धरून एकेक बोट मिटत मोजायचे: पाच, चार, तीन, दोन, एक. मराठीतच. कोइंबतूरचे आणि गुवाहाटीचे ड्रायव्हर तेवढी मराठी त्यांच्याकडून शिकले. काहीजण त्यांना 'पाच-चार साब' म्हणत.

त्यांचे नियम थोडे होते. सकाळी रॅलीच्या मुख्य घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं की दिवसभर त्याच्या किल्लीला बोट लावायचं नाही. ज्याचं घड्याळ, त्याची जबाबदारी. आणि कागदावर चूक झाली तर खोडायची, गिरवायची नाही. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर ते लिहायचं, बाजूला सही, आणि सहीच्या बाजूला वेळ. "चूक केव्हा केलीस ते कुणी विचारत नाही," ते म्हणायचे, "केव्हा दुरुस्त केलीस ते विचारतात."

घरी पोरं नव्हती, बायको लवकर गेलेली. थोरली बहीण, तिला सगळेच अक्का म्हणत, त्यांच्याकडेच राहायची. मी धारला गेले की अक्का बेसनाचे लाडू काढायच्या आणि काका मला गणितं घालायचे: ह्या गाडीचं मिनिट अमुक, ती तमुक मिनिटं थांबली, तर दंड किती. मी चुकले की ते खूश व्हायचे. माझे वडील कऱ्हाडहून सत्तर सालाच्या सुमाराला देवासला कारखान्यात आले होते. ते गेले त्या वर्षी मी काकांच्या ओसरीवर बसून रडले, घरी नाही. घरी सगळ्यांना मला सावरायचं होतं. काकांनी सावरलं नाही. शेजारी बसून राहिले आणि तासाभरानं म्हणाले, "आता चहा घे."

२०२३च्या जानेवारीत मला पहिल्यांदा पोस्टची, म्हणजे अशा एका टेबलाची, प्रमुख केलं. रॅली भरवणाऱ्या आमच्या क्लबात तोवर कुणी बाई प्रमुख झाली नव्हती. रॅलीचा मुख्य अधिकारी योगेंद्र, वयानं माझ्याएवढाच, त्याला धाकधूक होती. काकांना तो माझ्यासमोरच म्हणाला, "भिया, जंगल की पोस्ट है. पहले ही साल में कुछ गड़बड़ हो गई तो सब मेरे सिर पे आएंगे. फिर आगे किसी लेडीज़ को टेबल नहीं मिलेगा." काका म्हणाले, "मी तिचा मदतनीस म्हणून बसतो. मग?" योगेंद्रनं यादीत माझ्या नावाखाली त्यांचं नाव लिहिलं.

पोस्ट मांडूच्या रस्त्यावर होती, नालछ्याच्या पुढे. थंडी चांगली होती. मी वडिलांचं घड्याळ आणलं होतं, पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल कंपनीनं दिलेलं. काकांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, "सुमंगला, मायेचं घड्याळ कामाला आणू नये. क्लबाचं घे."

"काका, आज पहिला दिवस आहे. आज हेच."

मी हट्ट धरला की ते वाद घालत नसत. सकाळी घड्याळ जुळवलं, जाकिटाच्या बाहीवरून मनगटावर बांधलं, काम सुरू झालं. सोळा गाड्या ठीक गेल्या. तेवढ्यात खालच्या वळणावरून शिट्टी वाजली. टेबलाकडे येणाऱ्या, बंद केलेल्या रस्त्यावर चाऱ्यानं भरलेला एक ट्रॅक्टर शिरला होता; सतरा नंबरची गाडी पाटीपाशी पोचली होती, मागच्या अडल्या होत्या. प्रमुख म्हणून जायचं मलाच होतं. मी घड्याळ बाहीवरून ओढून काढलं, टेबलावर ठेवलं आणि धावले. ट्रॅक्टरवाल्याशी हुज्जत घालून, तो मागे काढून परत आले तेव्हा सतरा नंबरची गाडी निघून गेलेली, आणि काका माझं घड्याळ हातात धरून बसले होते. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "टेबलावर ठेवून जात जाऊ नकोस," एवढंच म्हणाले. मग वायरलेस उचलला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "गाडी सतरा. मी अकरा बावीस लिहिलंय, ते अकरा तेवीस पाहिजे. वाचण्यात माझी चूक झाली. निगुडकर."

वेळेच्या हिशेबात सतरा नंबरचं काही नुकसान झालं नाही. दंड लगेच मागे घेतला. पण तो ड्रायव्हर तापट होता, आपल्याला मिनिटाचा दंड बसला ह्या रागात त्यानं पुढच्या वळणावर गाडी बांधावर चढवली होती. संध्याकाळी त्यानं सगळ्यांसमोर आरडाओरडा केला, की ज्यांना दिसत नाही त्यांना बसवता कशाला. योगेंद्रनं मला बाजूला घेतलं. "पोस्ट तेरी थी, रिपोर्ट तू लिख. नहीं तो बात तुझ पर आएगी."

आणि मी लिहिला. मी अगदी चांगल्या मनानं लिहिला, हेच मला आता सहन होत नाही. काका चौऱ्याहत्तरचे होते. गेल्या वर्षी दोनदा चष्मा विसरले होते, एकदा मला अक्का म्हणून हाक मारली होती. मला वाटलं, कुणीतरी हे करायलाच हवं, आणि बाहेरच्यानं करण्यापेक्षा मी केलेलं बरं. मी लिहिलं: 'वेळ वाचण्यातील चूक सहायक श्री. मा. ग. निगुडकर यांची आहे. वय व दृष्टी लक्षात घेता यापुढे त्यांना वेळेच्या टेबलावर नेमू नये.' त्यांच्यासमोर कागद ठेवला. त्यांनी सावकाश वाचला, दोनदा वाचला. मग बोट ठेवलं ते माझ्या सहीच्या बाजूला.

"वेळ?"

मी विसरले होते. सहा दहा लिहिलं. त्यांनी खाली सही केली, सहा अकरा लिहिलं, शबनम खांद्याला लावली आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून धारला गेले. त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. मीच तसं लिहिलं होतं ना.

मी धारला जात राहिले, पण पूर्वीसारखी नाही. रॅलीचा विषय दोघंही टाळायचो. लाडू होते, गणितं बंद झाली.

ऑक्टोबरात वडिलांचं घड्याळ मंद चालायला लागलं म्हणून देवासच्या सयाजी गेटजवळच्या घड्याळजीकडे नेलं. म्हातारा डोळ्याला भिंग लावून बघत होता. म्हणाला, "बहनजी, इसकी चाबी ढीली है. कपड़े में अटकी कि बाहर आई, और घड़ी बंद. फिर अंदर दबा दो तो ऐसे चलने लगेगी जैसे कुछ हुआ ही नहीं." आणि त्यानं करून दाखवलं. शर्टाच्या बाहीवरून घड्याळ ओढलं. सेकंदाचा काटा थांबला.

मी दुकानातल्या स्टुलावर बसले. जाकिटाची बाही. ट्रॅक्टर. माझं घड्याळ हातात धरून बसलेले काका. थांबलेल्या घड्याळात त्यांनी नियमाप्रमाणे वाचलं, अकरा बावीस. लिहिल्यावर लक्षात आलं असणार की काटा हलत नाही. मग जन्मात किल्लीला बोट न लावणाऱ्या माणसानं माझ्या घड्याळाची किल्ली फिरवली, आपल्या घड्याळाशी ते जुळवलं, आणि वायरलेसवर स्वतःचं नाव सांगितलं. ज्याचं घड्याळ, त्याची जबाबदारी. ते घड्याळ माझं होतं. घ्यायचं नाही म्हणून त्यांनी सांगितलेलं होतं.

एखादी शहाणी बाई तिथून उठून बस धरून धारला गेली असती. मी गेले नाही. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, तीन तासांचा रस्ता आहे, सातासमुद्रापलीकडे नाही. पण आधी दिवाळी होती. मग चिऊची, माझ्या मुलीची, सहामाही होती. मग थंडीत मला खोकला होता. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून माणूस आणखी लाजिरवाणं वागतो, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. संक्रांतीला काकांचा फोन आला. "तिळगूळ घ्यायला येत नाहीस यंदा?"

"येते काका. एखाद्या रविवारी येते."

ते हसले. "एखाद्या म्हणजे साधारण कुठल्या?"

मलाही हसू आलं. फोनवर सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण असं फोनवर सांगायचं नसतं, समोर बसून सांगायचं, असं मी मनाला समजावलं. निमित्तं शोधण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

चार फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, मी ऑफिसच्या साड्यांना इस्त्री करत असताना अक्कांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. काका आंघोळ करून ओसरीवर बसले होते, बसल्याजागी गेले. मी पोचले तेव्हा घरात फक्त बायका होत्या. आम्ही रॅलीत म्हणतो, अमुक वाजता टेबल बंद. त्यानंतर आलेल्या गाडीला दंडही नसतो. तिचं नावच घेत नाहीत.

मी त्या दिवशी अक्कांना काही बोलले नाही. बोलायला तोंड नव्हतं.

मार्चमध्ये मी योगेंद्रकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो. बराच वेळ पेनाचं टोपण उघडबंद करत राहिला. मग म्हणाला, "अब क्या फायदा, यार? फाइल बंद है. वो तो चले गए. आणि तू हे लिहून दिलंस तर नियम तुला माहीत आहे. घड्याळाची चूक लपली, म्हणजे दोन वर्षं टेबल नाही. येत्या जानेवारीत मी तुला माझी डेप्युटी करणार होतो."

"फाइल काढ," मी म्हटलं.

"सुमंगला..."

"योगेंद्र, फाइल काढ, नाहीतर मी इथंच आरडाओरडा करीन. मला येतो."

त्यानं काढली. तो कागद मी चौदा महिन्यांनी बघत होते. माझं अक्षर, खाली त्यांचं ते देखणं अक्षर, सहा अकरा. मी पट्टी मागून घेतली. त्यांच्या नावावर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. 'वय व दृष्टी'च्या वाक्यावर एक रेघ. वर लिहिलं: 'चूक पोस्टप्रमुख सुमंगला जगदाळे यांच्या घड्याळाची. घड्याळ बंद पडले होते. श्री. निगुडकर यांचे वाचन नियमाप्रमाणे व बरोबर होते.' सही केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कागदावर पडू नये म्हणून मान तिरकी करून सही केली. योगेंद्रनं उठून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझं नाव डेप्युटीच्या यादीतून काढलं. दोन्ही गोष्टी त्यानं बरोबर केल्या. मग म्हणाला, "ओरिजिनल ले जा. अक्का को दिखा के वापस ला दे." नियमात बसत नाही ते. तरी त्यानं दिला.

दुसऱ्या दिवशी मी धारला गेले. अक्का ब्याऐंशीच्या आहेत, पाठीत वाकलेल्या, नजर जवळजवळ गेलेली. ओसरीवर काकांच्या खुर्चीशेजारी बसल्या होत्या. मी पाया पडले आणि सगळं सांगितलं, एका दमात, घड्याळजीपासून कागदापर्यंत.

"ठाऊक आहे मला," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हणाला, अक्का, आज मी खोटं बोललो. मी म्हटलं, कुणापायी रे? तर म्हणाला, मी आणखी किती वर्षं बसणार? पोरगी बसेल."

"रागावले नव्हते?"

"खोटं बोलल्याचं त्याला काही वाटलं नाही गो." अक्का काकांच्या खुर्चीकडे वळल्या. "तू लगेच खरं मानलंस, ह्याचं वाटलं. चार दिवस जेवला नाही धड. म्हणायचा, चौदा वर्षं शेजारी बसली, आणि एकदासुद्धा विचारलं नाही, की काका, तुम्ही कसे चुकाल?"

ह्याचा विचार मी केलाच नव्हता. घड्याळाचा केला, किल्लीचा केला, कागदाचा केला. हा नाही.

"मग म्हणायला लागला, तिला कळेल एक दिवस. कळलं की येईल. दर रविवारी आंघोळ करून इथं बसायचा. चारपर्यंत बसायचा. मी म्हणायची, अरे नाही येत ती, आत चल. तर म्हणे, टेबल उघडं आहे अजून." अक्कांनी माझ्याकडे तोंड केलं. "तुला कळलं कधी?"

"ऑक्टोबरात."

त्यांनी हात पुढे धरला आणि एकेक बोट मिटलं. "ऑक्टोबर. नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी." चार बोटं मिटली, अंगठा राहिला. त्या अंगठ्याकडे त्या थोडा वेळ तोंड करून बसल्या आणि मग हात पदराखाली घेतला.

"बैल गेला नि झोपा केला, सुमंगले," त्या म्हणाल्या. रागानं नाही. रागानं म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "काय लिहिलंयस ते वाच. मोठ्यानं वाच, मला दिसत नाही."

मी वाचलं. 'वाचन नियमाप्रमाणे व बरोबर होते' हे त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग रिकाम्या खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून विचारलं, "सही केलीस?"

"केली."

"बाजूला वेळ?"

मी कागदाकडे बघितलं. सही होती. तिच्या बाजूला काहीच नव्हतं. पुन्हा विसरले होते. आता तिथं बोट ठेवून विचारायला कुणी नव्हतं, आणि एका आंधळ्या म्हातारीनं विचारलं होतं.

"नाही लिहिली, अक्का."

"मग लिही. आतलं घड्याळ बघ, बरोबर आहे ते. मी अजून रोज रेडिओवर लावून घेते शेजारच्यांकडून."

मी आत गेले. भिंतीवर काकांचं घड्याळ चालू होतं. तीन एकोणसाठ झाले होते. मी उभी राहिले, पेन उघडलं, आणि चार वाजायच्या आत लिहिलं.